डॉक्टर, एक दिवस जयगडला राहा!

समजा, जयगडमध्ये दहा वर्षांची एक मुलगी आहे. तिला टाइप-१ डायबेटिस आहे. म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. हे गोड खाल्ल्यामुळे झालेलं नाही आणि पथ्याने जाणारही नाही. रोज तीन-चार वेळा सुई टोचायची, बोटातून रक्त काढून शुगर बघायची. आयुष्यभर.

ती रत्नागिरीला ओपीडीत येते. ४५ किलोमीटरच्या आसपासचा एसटीचा प्रवास, मग रांग, मग जेमतेम पाच मिनिटं. रिपोर्टवर शुगर ३०० दिसते आणि प्रश्न येतो, "इन्सुलिन वेळेवर देत नाही का हो?" आई मान खाली घालते.

पण त्या आकड्यामागे काय काय असतं! इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचा असतो, आणि कोकणातल्या पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. वडील पहाटे बोटीवर, आई मासळी घेऊन बाजारात, मग सकाळची सुई कोण देणार? शाळेत शुगर एकदम खाली आली, हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, तर 'हे नाटक नाही, हिला आत्ता साखर द्या' हे वर्गात कुणाला माहीत आहे? आणि 'पुढे पोरीच्या लग्नाला अडचण नको' म्हणून घरच्यांनी आजारच लपवला असेल तर? यातलं काहीही पाच मिनिटांत कळत नाही.

२०२१-२२ च्या बॅचपासून एमबीबीएसला 'फॅमिली अ‍ॅडॉप्शन' आलंय. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांनी गावातल्या काही कुटुंबांशी जोडून घ्यायचं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर ही वाट जुनीच आहे, तिथली पहिल्या वर्षाची मुलं गावात मुक्कामाला जातात. आपल्या जिल्ह्यात डेरवणला कॉलेज आहे, २०२३ पासून रत्नागिरीत सरकारीही सुरू झालंय. माझं म्हणणं एवढंच की, या कुटुंबांमध्ये जमेल तिथे दीर्घ आजाराचं एक मूल असावं. डायबेटिस, थॅलेसेमिया, फिट्स, काहीही. आणि वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्याने त्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत थांबावं. तपासायला नाही, शिकायला.

मेडिकलवाले मित्र म्हणतील, "आधीच पोर्शन संपत नाही, त्यात हे!" मान्य. पण वर्षातला एकच दिवस मागतेय. दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजारी मूल म्हणजे प्रदर्शनातली वस्तू नाही. म्हणून घरच्यांची आणि त्या मुलाचीही परवानगी हवी. फोटो, रील एकदम बंद. आणि दरवर्षी तोच विद्यार्थी यायला हवा. दर वेळी नवा चेहरा येऊन तेच प्रश्न विचारणार असेल, फॉर्म भरून हजेरी लावून जाणार असेल, तर न आलेलं बरं.

डोस पुस्तकात सापडतो. लाइट गेल्यावर ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात इन्सुलिन कसं जपायचं, हे ती आई शिकवेल. सुई टोचताना कुठे जास्त दुखतं, हे ती मुलगी सांगेल.

असा एक दिवस काढलेला डॉक्टर उद्या रिपोर्टवर ३०० बघून "देत नाही का?" असं विचारणार नाही. तो विचारेल, "काल लाइट होती का?"