घरी शिकणारे मूल ‘शाळाबाह्य’ कसे?

४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांची एकदिवसीय पाहणी झाली. वीटभट्टीवर राबणारा मुलगा, ऊसतोडीच्या तळावर भावंडे सांभाळणारी मुलगी यांचा शोध घेणे हे शासनाचे कर्तव्यच होते; त्याविषयी तक्रारीचे कारण नाही. परंतु आई-वडिलांजवळ गणित, संस्कृत आणि सुतारकाम शिकणाऱ्या मुलासाठी शासनाच्या कोशात वेगळा शब्दच नाही. पटावर नाव नाही म्हणून तेही शाळाबाह्य!

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले. ते न पाळल्यास शिक्षा मात्र सांगितली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे व वेदपाठशाळा या कायद्यातून वगळण्यात आल्या. म्हणजे संस्थेला सूट मिळाली, आईला नाही. गृहशिक्षण गुन्हा नाही आणि मान्यही नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत ही कुटुंबे ठेवली गेली आहेत.

हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे, असे म्हणणाऱ्यांनी धरमपाल यांचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला ‘द ब्यूटिफुल ट्री’ हा ग्रंथ उघडावा. मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने १८२२ मध्ये जी शैक्षणिक पाहणी करण्यास सांगितले, तीत खुद्द मद्रास शहरात घरी शिकणाऱ्यांची संख्या शाळेत जाणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक भरली. हा आकडा मन्रोलाही जास्त वाटला होता. पण तो निम्मा केला, तरी घराचे पारडे जडच राहते. मेकॉलेचे टिपण १८३५ चे. त्यानंतर शिक्षण म्हणजे सरकारमान्य इमारत, ही समजूत इतकी मुरली की, मेकॉलेला उठता-बसता दूषणे देणारे घरही नर्सरीच्या प्रवेशासाठी पहाटे रांगेत उभे असते.

‘समाजीकरणाचे काय?’ हा आक्षेप ठरलेला. एकाच वयाच्या चाळीस मुलांना एका खोलीत कोंडणे म्हणजे समाज, हे कोणी ठरवले? तरीही आक्षेपात निम्मे तथ्य आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट, आजी-आजोबा गावी आणि एकुलते एक मूल, अशा घरात एकटेपणा येतोच. पुण्या-मुंबईतील अशी काही कुटुंबे आपसांत गाठीभेटी ठेवतात. तालुक्याच्या गावी असे एखादेच घर असले, तर त्याने कोणाकडे पाहावे?

येथे प्रश्न शासनाला नव्हे, राष्ट्रवादी कार्यकर्त्यांना आहे. घरोघर संपर्क हा ज्यांचा बाणा, ते या घराच्या उंबरठ्यावर ‘कोणत्या शाळेत?’ एवढे विचारून परत फिरतात. संघटनेचा मोठा शाळांचा व्याप असल्यामुळे शाळेबाहेरचे मूल तिलाही चुकार वाटू लागले असावे. वास्तविक सायंकाळच्या मैदानावर कोणी गुणपत्रिका मागत नाही. तेथे सहा वर्षांचा आणि चौदा वर्षांचा मुलगा एकत्र खेळतो. घरी शिकणाऱ्या मुलाला नेमके तेच हवे असते.

वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देता येते. अर्ज, विषयांची निवड, विज्ञानाची प्रात्यक्षिके या साऱ्यांत या कुटुंबांची दमछाक होते. परिवारातील शाळांच्या प्रयोगशाळा रविवारी कुलूपबंद असतात, आणि त्या कुलपांच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे त्या-त्या गावच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.