कर्मचाऱ्याचे समाधान कशात आहे?

महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्याचा विचार होतो तो बहुधा संपाच्या निमित्ताने. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला आणि ५४ दिवस चाललेला संप केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा यासाठी होता. मार्च २०२३ मधील सात दिवसांचा संप जुन्या निवृत्तिवेतनासाठी होता. दोन्ही मागण्यांमागील चिंता खरी होती. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाची हमी राहिली नाही. त्यांना म्हातारपणाची धास्ती वाटली तर नवल नाही. परंतु संप मिटला की शासन, संघटना आणि वृत्तपत्रे तिघांनाही या माणसाचा विसर पडतो. एरवीच्या दिवसांत तो टेबलाशी वा फळ्याशी काय करतो, कशाने त्रासतो आणि कशाने सुखावतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वस्तुतः कर्मचाऱ्याचे मन घडते वा विटते ते याच दिवसांत.

या संदर्भात पाच दिवसांच्या आठवड्याचे उदाहरण उद्बोधक आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांत तो लागू झाला. शाळा-महाविद्यालये आणि अत्यावश्यक सेवा त्यातून वगळल्या गेल्या. सरकारी नोकरांना आणखी एक सुटी मिळाली, अशी टीका तेव्हा झाली. हिशेब मात्र वेगळा आहे. पूर्वी दिवसाचे काम सव्वासात तासांचे व वर्षाचे दिवस २८८, म्हणजे २०८८ तास; नव्या रचनेत दिवसाचे आठ तास व वर्षाचे दिवस २६४, म्हणजे २११२ तास. काम वर्षाला २४ तासांनी वाढले. तरीही कर्मचारी संघटनांनी या योजनेसाठी दीर्घकाळ आग्रह धरला होता. बदलापूरहून वा विरारहून लोकलच्या गर्दीत लोंबकळत येणाऱ्याला विचारले, तर याचे कारण तो सांगेल. कामाचे चार तास वाढले तरी चालतील, पण प्रवासात फुकट जाणारा एक दिवस वाचावा, असे त्याला वाटते. माणूस कामाला कंटाळतो त्यापेक्षा व्यर्थ श्रमाला अधिक कंटाळतो, हा या आकड्यांचा अर्थ आहे.

शिक्षकांच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट दिसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. हे अपवादही लहान नव्हेत. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमलेल्या शिक्षकाला मतदार यादीचे काम निवडणूक नसतानाही चुकत नाही. परंतु शिक्षकांचा खरा राग आहे तो कलमात न मावणाऱ्या कामांवर. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, संकेतस्थळांवर भरायची माहिती, उपक्रम साजरा झाल्याची छायाचित्रे, आणि गेल्याच महिन्यात पाठविलेली आकडेवारी नव्या तक्त्यात ‘तात्काळ’ पुन्हा पाठविण्याचा आदेश. पत्राच्या शेवटी ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे’ ही ओळ असतेच. दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक अशा माहितीत गुंतला की दुसऱ्याने चार इयत्ता सांभाळायच्या. त्या तासाला जे शिकवायचे राहून गेले, त्याचा रकाना मात्र कोणत्याही तक्त्यात नसतो.

कारकुनाची व्यथा निराळी, पण जात तीच. तो टिपणी लिहितो, फाईल वर जाते, शेरा होऊन खाली येते, पुन्हा वर जाते. अखेर तिचे काय झाले, हे त्याला बहुधा कळतच नाही. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे राज्याचा २००५ चा बदल्या व विलंब प्रतिबंधाविषयीचा कायदा सांगतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर अधिसूचित सेवेस विनाकारण विलंब करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. नागरिकाच्या दृष्टीने हे कायदे आवश्यकच होते. परंतु मुदतीच्या भीतीने फाईल नुसती पुढच्या टेबलावर सरकवता येते. एखादी क्षुल्लक त्रुटी काढून परतही पाठवता येते. मुदत पाळली जाते, काम होतेच असे नाही.

याच टेबलांवर समाधानाचे क्षणही येतात. सेवेत असताना वारलेल्या शिपायाच्या पत्नीची कुटुंब निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तिला हेलपाटे न घालायला लावता पूर्ण करून देणारा लिपिक त्या दिवशी घरी निराळ्या चालीने जातो. अक्षरांशी महिनोन् महिने झगडणारे मूल एके दिवशी आपणहून सलग वाक्य वाचते, तेव्हा शिक्षकाला जे मिळते ते कोणत्याही वेतन आयोगाच्या शिफारशीत नसते. या दोन्ही प्रसंगांत कामाला शेवट आहे, आणि तो करणाऱ्याला डोळ्यांनी दिसतो. नेमके हेच भाग्य कार्यालयीन पद्धतीने दुर्मीळ करून टाकले आहे.

यावर कोणी म्हणेल, पगार मिळतो ना, मग समाधानाचे लाड कशाला? पगार गौण आहे असे येथे मुळीच सुचवायचे नाही. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाला २०२२ अखेरपर्यंत दरमहा सहा हजार रुपयांत राबवून घेतले गेले. पुढे ती रक्कम १६ हजार झाली. अशा माणसाला समाधानाचे धडे देणे ही क्रूर थट्टा ठरेल. पण पगार वाढला म्हणजे काम आपोआप अर्थपूर्ण होते, हाही भ्रमच. आपल्या श्रमाचा कोणाला उपयोग नाही असे एकदा मनाने घेतले, की चांगला कर्मचारीही हळूहळू हजेरीपुरता उरतो. आणि त्याची किंमत खिडकीबाहेर रांगेत उभा असलेला माणूस मोजतो.

उपाय अवघड नाहीत आणि खर्चिक तर नाहीतच. एकदा दिलेली माहिती शासनाच्या दुसऱ्या कार्यालयाने पुन्हा मागू नये. कोणताही नवा अहवाल मागविताना तो कोण वाचणार आणि त्यावरून काय ठरणार, हे पत्रातच लिहावे. ज्याचे उत्तर देता येत नाही तो अहवाल बंद करावा. फाईलचा निर्णय झाल्यावर मूळ टिपणी लिहिणाऱ्याला तो कळवावा. शिक्षकाला शाळेच्या वेळेत माहिती भरायला बसवू नये. संघटनांनीही आपल्या मागणीपत्रात महागाई भत्त्याच्या शेजारी या मागण्यांना जागा द्यावी. त्यांत एक धोका जरूर आहे: निरुपयोगी कामाची सबब गेल्यावर उपयोगी कामाचा जाब द्यावा लागेल. तो देण्याची तयारी असलेले शिक्षक आणि कारकून या राज्यात थोडे नाहीत. त्यांना आपले काम करू द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.