डॉक्टर म्हणतात चाला. पण टेकायचं कशावर?

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
(आरोग्य, पथ आणि उद्यान विभागांच्या माहितीसाठी)



गुडघे धरून दवाखान्यात गेलेला पुणेकर हल्ली गोळ्यांबरोबर एक सल्लाही घेऊन बाहेर पडतो: ‘रोज चालत जा.’ गोळी सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, हे चिठ्ठीवर नीट लिहिलेलं असतं. चालायचं किती, कोणत्या वेळी, कुठे, आणि पाय भरून आले तर टेकायचं कशावर, याबद्दल मात्र चिठ्ठी गप्प असते. ही उरलेली अर्धी चिठ्ठी कुठल्याच डॉक्टरला लिहिता येणार नाही. ती आपल्या तीन विभागांत विखुरलेली आहे.

सल्ला खोटा नाही. झिजलेला गुडघा चालून आणखी झिजेल, ही धास्ती घरोघरी असते. अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या, साठीपुढच्या ४३९ जणांचा दीड वर्षाचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला पहिले तीन महिने देखरेखीखाली आणि पुढे घरच्या घरी, आठवड्यातून तीनदा चालायला लावलं होतं. नुसती माहिती मिळालेल्या गटापेक्षा या मंडळींचं दुखणं कमी झालं, हालचाल सुधारली आणि एक्स-रेमध्ये झीज जास्त वाढलेली दिसली नाही. फरक जादूचा नव्हता, पण खरा होता. कंबरदुखीचंही तसंच. ऑस्ट्रेलियात दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांवरचा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्यांना फिजिओथेरपिस्टनं चालण्याचा बेत आखून दिला, त्यांची कंबर पुन्हा धरायला मध्यकाच्या हिशेबानं २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांची ११२ दिवसांत धरली.

या दोन्ही अभ्यासांत कुणालाही ‘चाला’ म्हणून वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. मात्रा ठरलेली होती, विचारपूस करणारं माणूस होतं.

मात्रेचा मुद्दा महत्त्वाचा, कारण आपल्याकडे दहा हजार पावलांचा आकडा पाठ झालेला आहे. तो कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ च्या सुमारास विकायला आलेल्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राचं ते नाव होतं. गुडघ्याची झीज असलेल्यांच्या २०१४ मधल्या अमेरिकी अभ्यासात पुढे हालचालींवर मर्यादा येण्यापासून वाचवणारा टप्पा दिवसाला सहा हजार पावलांच्या आसपास निघाला. काहींसाठी सुरुवात त्याच्याही कितीतरी खाली, पाच मिनिटांपासून करावी लागते. चालून दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी अंतर कमी करायचं, असा साधा हिशेब शिकवला जातो. मणक्यातली जागा अरुंद झालेल्या माणसाला काही मिनिटांनी बसावंच लागतं. बसलं की पायातली कळ ओसरते. स्नायूंच्या अपक्षयाचा आजार असलेल्यानं दमेपर्यंत चालणं उलट घातक ठरू शकतं. एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही तो यामुळे.

आता हे सगळं घेऊन पुण्याच्या रस्त्यावर उतरावं.

आमवाताच्या रुग्णाचे सांधे पहाटे आखडलेले असतात. मोकळे व्हायला तासभर, कधी त्याहून जास्त लागतो. त्याची बाहेर पडण्याची वेळ होते तेव्हा शहरातल्या अनेक बागा बंद व्हायला आलेल्या असतात, आणि त्या पुन्हा उघडतात दुपार कलल्यावर. बागेचं वेळापत्रक धडधाकट माणसाच्या मॉर्निंग वॉकवर बेतलेलं आहे. ज्याला बागेची सर्वांत जास्त गरज आहे, तो कुलपाबाहेर राहतो.

मग उरतो फूटपाथ. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांतच मापक बसवून भार मोजला, तेव्हा सपाट चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडा अधिक आणि जिना उतरताना जवळपास साडेतीनपट भार आला. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी उतरणारा आणि पलीकडे पुन्हा चढणारा फूटपाथ म्हणजे मोडून मोडून पसरलेला जिनाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीत फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या आत आणि चालायची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असं म्हटलेलं आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद, सलग पदपथ करून हे जमतं, हे आपल्याच पथ विभागानं दाखवलं. त्या रस्त्यावर काठी टेकत चालणारी माणसं दिसतात. गल्लीबोळांत ती दिसत नाहीत, कारण ती घरात असतात.

इंग्लंडमधलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. ऑक्सफर्डशायरमधल्या सॉनिंग कॉमन या खेड्यात डॉ. विल्यम बर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर रुग्णांसाठी गटानं चालणं सुरू केलं. पुढे त्यातून देशभराची चळवळ उभी राहिली. फी नाही, यंत्रं नाहीत. प्रशिक्षित स्वयंसेवक पुढे चालतात आणि एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांत शेवटी. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, एवढंच त्याचं काम. हळू चालणाऱ्याला संकोच वाटतो तो मागे पडण्याचा. तो या एका माणसामुळे जातो.

यातलं पुण्याला परकं काय आहे? दर ज्येष्ठात आषाढी वारीच्या दोन पालख्या शहरात मुक्कामी येतात. पालखीची वाटचाल विसाव्यांवर उभी असते: कुठे थांबायचं, पाणी कुठे, पाय कुठे चेपून घ्यायचे, हे निघण्याआधी ठरलेलं असतं. लाखांच्या पायांची सोय महापालिका दरवर्षी करते. पंधरा जणांच्या गटाची सोय त्यामानानं किरकोळ.

म्हणून मागणं नेमकं आहे. शहरातल्या पाच बागा निवडून त्या आठवड्यातून तीन दिवस सकाळी उशिरापर्यंत उघड्या ठेवाव्यात. तिथे थोड्या थोड्या अंतरावर हात आणि पाठ असलेले, फार खोल नसलेले बाक बसवावेत. हाताचा आधार नसला तर दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला बसता येतं, उठता येत नाही. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर बागेचं नाव, वार आणि मिनिटं लिहावीत. शहरातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांना गटाबरोबर चालायला विद्यार्थी पाठवायची विनंती करावी, आणि त्यांतल्या एकाला शेवटी चालायचं काम द्यावं. त्या बागांपर्यंत जाणाऱ्या अर्ध्या किलोमीटरचा फूटपाथ आधी सलग करावा.

नवीन इमारत लागत नाही. तीन विभागांची एक बैठक लागते. ती कधी होईल, एवढं कळवावं.

आपले,
सावकाश चालणारे काही पुणेकर