दाढ दुखतेय? जा, पण विचारून जा!

२०२० सालचा मे महिना पुण्यातले आपले लोक विसरलेले नाहीत. भवानी पेठ, ताडीवाला रोड, पाटील इस्टेट, येरवडा, जिकडेतिकडे रस्ते अडवलेले, हातातली कामे गेलेली. नेमकी तेव्हाच आमची दाढ ठणकू लागली. लवंग दाबून धरली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, दुखण्याच्या गोळ्या गिळल्या. गाल सुजला तरी जवळचा दातांचा दवाखाना बंदच. "डॉक्टर भिऊन घरी बसले," असे आम्हीही रागाने म्हणालो. पुढे माहिती घेतली तेव्हा त्या रागात अज्ञान किती होते ते कळले.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले व त्यांना नायडू रुग्णालयात ठेवण्यात आले. १९ मे रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी नियम काढले. प्रतिबंधित भागातले दातांचे दवाखाने बंद ठेवावेत, फोनवर सल्ला द्यावा, रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार करावेत, असे ते नियम होते.

दातांच्या दवाखान्यालाच एवढी बंधने का? कारण सोपे आहे. इथे रुग्णाला तोंड उघडेच ठेवावे लागते आणि डॉक्टरचा चेहरा त्यापासून हातभर अंतरावर असतो. दात कोरायचे यंत्र मिनिटाला लाखो फेरे घेते. दात तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा उडतो. त्या पाण्यात थुंकी आणि रक्त मिसळून बारीक तुषार होतात, आणि रुग्ण उठून गेला तरी ते काही वेळ हवेत तरंगत राहतात. पुढचा रुग्ण त्याच हवेत श्वास घेतो.

म्हणून साथीच्या दिवसांत चांगले डॉक्टर आधी फोनवर विचारपूस करीत, एका वेळी एकालाच आत घेत, जंतुनाशक औषधाने गुळणी करायला लावीत, खिडक्या उघड्या ठेवीत आणि दोन रुग्णांमध्ये वेळ सोडीत. साथ ओसरली, पण क्षय, कावीळ आहेतच. तेव्हा काही गोष्टी बारा महिने पाहायच्या.

पहिली गोष्ट, हत्यारे. ती नुसती पाण्यात उकळून भागत नाही. काही चिवट जंतू उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र लागते. आपल्या घरच्या कुकरसारखेच ते वाफ कोंडून धरते. १२१ अंश उष्णतेत १५ ते २० मिनिटे ठेवले की जंतू मरतात. हत्यारांचे बंद पाकीट आपल्यासमोर फोडले तर उत्तम. दुसरी गोष्ट, हातमोजे. ते प्रत्येक रुग्णाला नवे हवेत. तिसरी गोष्ट, सुई. ती एकदा वापरली की टाकूनच द्यायची. चौथी गोष्ट, डॉक्टरच्या नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते पाहावे. स्वस्तात पडते म्हणून रस्त्याकडेच्या दात बसवणाऱ्याकडे जाऊ नये. पैशाची अडचण असेल तर ससूनच्या दंत विभागात किंवा एखाद्या दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी.

"एवढ्या शिकलेल्या डॉक्टरला आपण कसे विचारायचे?" असे आपल्या आयाबहिणी म्हणतात. का विचारू नये? आपण पैसे मोजतो आणि जीवही आपलाच असतो. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

आता त्या दवाखान्यात हत्यारे धुणाऱ्या मुलीकडे पाहा. ती पुष्कळदा आपल्याच वस्तीतली असते. रक्त लागलेली टोकदार हत्यारे तीच हाताळते. काविळीच्या 'ब' प्रकाराचे विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतात. तिला जाड हातमोजे, मास्क आणि या काविळीच्या लसीचे तीन डोस मिळाले पाहिजेत. एक आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. ही मालकाची मेहेरबानी नाही, तिचा हक्क आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सेवा करणारीचा जीव आधी जपला पाहिजे, हे त्यांच्या लेकींच्या बाबतीत तरी विसरून कसे चालेल?

आणि शेवटी आपले कर्तव्य. ताप, खोकला, क्षयाची औषधे चालू, पूर्वीची कावीळ, यातले काहीही डॉक्टरपासून लपवू नये. आपण लपवले तर झळ त्या मुलीला आणि आपल्यामागे बाकावर बसलेल्या लेकराला लागते.

तेव्हा वाचकहो, घरात कोणाची दाढ दुखत असेल तर गाल सुजेपर्यंत थांबू नका. दवाखान्यात जा, विचारा, आणि तुम्हाला विचारले तर खरे सांगा.