तीन काटे, एक भोक

मुलांनो, वाईहून महाबळेश्वरला जाताना वेफर्सचं पाकीट कधी बरोबर नेलंय? पसरणीचा घाट चढून वर गेलं, की तेच पाकीट टम्म फुगतं. कुणी त्यात हवा भरलेली नसते. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि आतल्या हवेला पसरायला वाव मिळतो, एवढंच.

विमानातला अल्टिमीटर म्हणजे उंचीमापक. तो या पाकिटासारखंच काम करतो. त्यात पातळ पत्र्याची हवाबंद डबी असते. विमान वर गेलं, भोवतीचा दाब कमी झाला, की डबी फुगते आणि काटा सरकतो. पण उंचीमापक तर आत, वैमानिकासमोर बसवलेला. त्याला बाहेरचा दाब कळणार कसा? त्यासाठी विमानाच्या कुशीला एक बारीक भोक ठेवतात. त्याला स्टॅटिक पोर्ट म्हणतात. तिथून एक नळी आत येते. गंमत म्हणजे आणखी दोन यंत्रं याच नळीवर चालतात. एक विमानाचा वेग दाखवतं, दुसरं विमान किती झपाट्याने चढतंय किंवा उतरतंय ते दाखवतं. काटे तीन, पण बातमी आणणारी नळी एकच!

अमेरिकेत हजारो हौशी माणसं घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधतात, बरं का! दर उन्हाळ्यात ऑशकॉश गावी त्यांची जत्राच भरते. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं होतं.

अशा विमानात नळ्याही मालकानेच जोडलेल्या असतात. मग काटे चुकायला लागले, तर त्याने काय करायचं? यंत्र बदलायचं? थांबा! आधी पाहायचं, एकच काटा चुकतोय की तिन्ही? तीन यंत्रं एकाच दिवशी बिघडणं कठीण. तिन्ही चुकत असतील, तर खोट बहुधा त्यांच्या सामाईक वाटेत असते. ती तीन प्रकारची असू शकते.

पहिली, वाट बंद. भोकात किडा शिरतो, नाहीतर नळीत पाणी साचतं. मग जुना दाब आतच कोंडून राहतो. विमान चढलं तरी उंचीचा काटा ढिम्म! म्हणून नळी भोकापासून आधी वर चढवतात आणि मग पुढे नेतात. पाणी शिरलंच तर उलट बाहेर ओघळतं.

दुसरी, गळती. एखादा सांधा सैल असला, की नळीत केबिनमधली हवा शिरते. उडताना छोट्या विमानाच्या केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा बहुधा थोडा कमी असतो. त्यामुळे उंची खरीपेक्षा जास्त दिसते. हे तपासायला विमान जमिनीवरच ठेवून नळीतली हवा अगदी हळूहळू ओढून घेतात. काटा १,००० फूट वर चढला, की नळी बंद करून घड्याळ लावतात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे एका मिनिटात काटा १०० फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. उतरला, तर एकेक यंत्र वेगळं करून, तिथे बूच लावून पुन्हा तपासायचं. ज्याला काढल्यावर गळती थांबते, तिथेच खोट.

तिसरी, भोकाचं तोंड. आरव्ही नावाच्या विमानांत भोकाच्या जागी फुगीर डोक्याचा साधा रिव्हेट असतो. एखाद्याला तो दिसायला बरा वाटत नाही. तो तिथे सपाट, चकचकीत तोंड बसवतो आणि काटे चुकू लागतात! फुगीर डोक्यावरून जाताना हवेचा दाब किंचित बदलतो, आणि तो बदल हिशेबात धरलेला असतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा भोकाचं एवढं काय? ऐका तर. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री एरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ विमान लिमाहून सांतियागोला निघालं. विमान स्वच्छ करताना या भोकांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहून गेली. काटे भलतंच दाखवू लागले. खाली काळाकुट्ट समुद्र. वैमानिकांनी जमिनीवरच्या नियंत्रकाला उंची विचारली. त्याने सांगितलेला आकडा काट्याशी जुळला. जुळणारच! कारण तो आकडा त्याच्याकडे विमानातूनच येत होता. शेवटी काटा सुमारे ९,७०० फूट दाखवत असताना विमान पाण्याला धडकलं. ७० जण गेले.

एक यंत्र मात्र खरं बोलत होतं. ते खाली रेडिओलहरी सोडून उंची मोजतं, त्याला भोक लागतच नाही. 'फार खाली आला आहात' असा इशारा ते देत होतं. पण इतर उलटसुलट इशाऱ्यांच्या गलक्यात त्याच्यावर विश्वास कसा बसावा?

वर्गात तिघांचं उत्तर सारखं आलं, की ते बरोबरच असं आपल्याला वाटतं. पण तिघांनी एकाच वहीतून उतरवलं असेल तर? म्हणून उत्तरं किती जुळली ते मोजू नका. ती कुठून आली ते विचारा. घरात एखादी बातमी 'सगळेच सांगतायत' म्हणून आली, की आईबाबांनीही मुलांबरोबर हा प्रश्न विचारून पाहावा.

आता तुमच्यासाठी कोडं. वेगमापक समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब घेतो आणि त्यातून भोकातला दाब वजा करतो. समजा, भोक जमिनीवरच बंद झालं आणि विमान वर चढू लागलं, तर वेग खऱ्यापेक्षा कमी दिसेल की जास्त? वेफर्सचं पाकीट आठवा आणि कारणासह लिहा. उत्तर पुढच्या अंकात!