बदली आणि बेइमानी

बँकेतल्या माणसाचं आयुष्य बदलीच्या ऑर्डरवर चालतं. ऑर्डर आली की शाखेत चहा-सामोसे होतात, शाल-श्रीफळ दिलं जातं, कालपर्यंत भांडणारा हेडकॅशियरही डोळे पुसतो. लुईस फिगोच्या बदलीनंतर मात्र त्याला मिळालं ते डुकराचं मुंडकं.

फिगो पोर्तुगालचा. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात तो घडला, १९९१ मध्ये युवकांचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात खेळला आणि १९९५ मध्ये स्पेनमधल्या बार्सिलोनाकडे गेला. १९९८ आणि १९९९ अशी लागोपाठ दोन वर्षं बार्सिलोनानं स्पॅनिश लीग जिंकली. पाच वर्षांत तो तिथल्या लोकांना घरचाच वाटू लागला.

जुलै २००० मध्ये हा घरचा माणूस रिअल माद्रिदला जाऊन मिळाला. या दोन क्लबांचं वैर नुसतं मैदानावरचं नाही. फ्रँकोच्या हुकूमशाहीत कॅटलान भाषेची गळचेपी झाली; तिथल्या माणसाला बार्सिलोना म्हणजे आपली अस्मिता आणि माद्रिद म्हणजे सत्तेचं गाव. फ्लोरेन्टिनो पेरेझ यांनी माद्रिदच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फिगोला आणण्याचं वचन दिलं, ते निवडून आले आणि करारात लिहिलेली सुमारे ६ कोटी युरोंची रक्कम भरली गेली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. हिशेब चोख होता. तरीही नोव्हेंबर २००२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर फिगो कॉर्नर घ्यायला गेला, तेव्हा बाटल्यांचा वर्षाव झाला, सामना थांबवावा लागला आणि त्या कचऱ्यात ते मुंडकं दिसलं.

फिगोचं चुकलं नाही का? चुकलं. जाण्याआधी काही दिवस ‘मी इथंच राहणार’ असं त्यानं वर्तमानपत्राला सांगितलं होतं. शब्द दिल्यावर तो पाळावा, नाहीतर देऊ नये. पण क्लब बदलणं हा गुन्हा कसा? पाच वर्षं त्यानं बार्सिलोनाला आपला घाम दिला. त्यात उधारी काहीच नव्हती. २००० चा युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू तोच ठरला आणि २००२ मध्ये माद्रिदबरोबर युरोपचा विजेताही झाला. प्रेक्षकानं प्रेम केलं, ते खरंच. पण प्रेम म्हणजे गहाणखत नव्हे.

हे मी आज शहाणपणानं लिहितो आहे. नव्वदच्या दशकात नव्या खासगी बँका आल्या, तेव्हा आमच्या शाखेतला एक हुशार तरुण अधिकारी तिकडे गेला. घरी आजारी वडील, दोन बहिणींची लग्नं व्हायची. दुप्पट पगार त्याला हवाच होता. आम्ही मात्र त्याला पळपुटा ठरवलं. निरोपाचा समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी तो टेबलाशी येऊन ‘साहेब, निघतो’ म्हणाला, आणि मी लेजरमधून मान वर केली नाही. आम्हाला राग त्याच्या जाण्याचा होता, की आपल्याला कुणी बोलावलं नाही याचा, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

डुकराचं मुंडकं फेकायला आमच्याकडे मैदान नव्हतं, एवढाच फरक. आपल्या घरातून, कचेरीतून उद्या कुणी निघालं, तर निदान मान वर करून ‘सुखानं जा’ म्हणावं. माझं ते राहून गेलं.