कवितेचा तास

गणित, इंग्रजी किंवा शास्त्र यांच्या तासाचें समर्थन कोणास करावें लागत नाहीं. कवितेच्या तासाचें मात्र नेहमींच करावें लागतें. “हिचा उपयोग काय, आणि गुण किती?” असें पालक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून अनुभवास आलें तें येथें सांगतों.

आरंभींच अर्थ सांगून कविता शिकविली, म्हणजे मुलें तो अर्थ वहींत उतरून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तीच कविता प्रथम दोन वेळां मोठ्यानें म्हटली, तर वर्ग आपोआप डोलूं लागतो. आर्येच्या चार चरणांत अनुक्रमें 12, 18, 12 व 15 मात्रा असतात, हा नियम फळ्यावर रुक्ष वाटतो. पण म्हणतांना जीभ अडखळली, कीं चूक कोठें झाली हें मुलाचें त्यासच कळतें. आजीच्या तोंडून ओव्या ऐकलेलें मूल तर या तासास सर्वांच्या पुढें असतें.

कविता सहवासानें येते, याचें उदाहरण आपल्याच भागांत आहे. सातारा जिल्ह्यांतील चाफळ येथें 1899 सालीं जन्मलेले कवि यशवंत शिक्षणासाठीं सांगलीस होते. तेथें त्यांस कवि साधुदास यांचा सहवास लाभला व त्यांच्या काव्यलेखनास वळण मिळालें. पुढें पुण्यांत 1923 सालीं निघालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनीं श्रोत्यांसमोर कविता गाण्याची प्रथा लोकप्रिय केली. त्यांत यशवंत अग्रेसर होते.

त्यांच्या ‘आई’ या कवितेंत मातेस मुकलेल्या लेकराचें दुःख आहे. ती म्हटली असतां एरवीं दांडगाई करणारीं मुलें निमूट बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. ज्याच्या घरीं तसें दुःख घडलें आहे, त्यास तें दुसऱ्यानेंही जाणलें आहे हें कळतें. ज्याच्या घरीं तें घडलें नाहीं, त्यास शेजारच्या बांकावरील मित्राचें मन कळतें. यासाठीं गुणपत्रिकेंत रकाना नाहीं. परंतु शिक्षणाचा याहून मोठा उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

पालकांस एवढीच विनंति कीं, आठवड्यांतून एकदां रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलाकडून एक कविता म्हणवून घ्यावी. अर्थ विचारण्याची घाई करूं नये. विद्यार्थ्यांनो, तुम्हींही लाजूं नका. घरांत ऐकणारें कोणी तरी असतेंच.